गुंड्याचं तिकीट सगळ्यात शेवटी

पत्र असं आहे:

"यांची परदेशी बदली झाली आहे. तीन महिन्यांनी आम्ही दोघं कायमचे राहायला जाणार आहोत. घरात गुंड्या आहे, नऊ वर्षांचा पग, वजन नऊ किलो. दारावरची बेल वाजली की आधी शिंकतो, मग भुंकतो. आणि मनी आहे, पाच वर्षांची मांजर, चार किलो. दोघांची सगळी इंजेक्शनं वेळेवर झालेली आहेत, वही भरली आहे. गुंड्याला सामानात टाकायची कल्पनाही सहन होत नाही. माझे धाकटे दीर म्हणतात, 'वहिनी, ऑनलाइन सर्व्हिस डॉगचं जॅकेट आणि सर्टिफिकेट मिळतं, ते घ्या, थेट पायाशी बसवून न्या, पैसेही पडत नाहीत.' शिवाय प्रवासात झोपेची गोळी द्यावी का? तिकिटं या आठवड्यात काढायची आहेत. लवकर उत्तर द्या."

नमस्कार ताई,

गुंड्या शिंकतो कधी, भुंकतो कधी, हे सगळं तुम्ही कळवलंत. कोणत्या देशात जाणार, तेवढं राहिलं! रागावू नका, अशी दहा पत्रं आली तर आठांत हेच राहतं. विमानाच्या नियमांची एवढी धास्ती असते की उतरायचं कुठे आहे याचा विसर पडतो. खरी गाठ तिथेच आहे. विमान कंपनी फार तर तुम्हाला दारातून परत पाठवेल. उतरल्यावर कागद अपुरे निघाले, तर गुंड्याला विलगीकरणात ठेवतील नाहीतर आल्या पावली परत पाठवतील, आणि दोन्हींचा खर्च तुमचाच. म्हणून या आठवड्यात तिकिटं काढू नका. आधी देश, मग कागद, मग विमान कंपनी, आणि तिकीट अगदी शेवटी.

पण दिरांचा विषय आधी संपवते, कारण तो मनात घोळत असणार.

सर्व्हिस डॉग म्हणजे जॅकेट घातलेला कुत्रा नव्हे. एखाद्या माणसाच्या अपंगत्वाशी थेट संबंध असलेलं काम करायला शिकवलेला कुत्रा, हा त्याचा अर्थ. दृष्टिहीन माणसाला जिन्याशी थांबवणारा, बहिऱ्या माणसाला गजर झाल्याचं कळवणारा, फिट येऊन गेल्यावर माणसाला सावरणारा. विमानात असा कुत्रा मालकाच्या पायाशी घडी घातल्यासारखा पडून राहतो. शेजारच्याच्या हातून बिस्किट पडलं तरी मान वळवत नाही. गुंड्या काय करेल, ते तुम्हीच सांगा.

अमेरिकेत एके काळी या बाबतीत बराच सैलपणा होता. मनाला आधार देणारा प्राणी, म्हणजे इमोशनल सपोर्ट अॅनिमल, डॉक्टरच्या चिठ्ठीवर केबिनमध्ये फुकट नेता येत असे. मग लोकांनी काय काय आणलं! २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आल्या होत्या. त्यांना विमानात घेतलं नाही, हे सांगायला नको. हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतच, विमान सुटायच्या आधी, असा एक कुत्रा शेजारच्या प्रवाशाच्या चेहऱ्याला चावला होता. शेवटी तिथल्या वाहतूक खात्याने नियम बदलला आणि ११ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. आता सर्व्हिस अॅनिमल म्हणजे फक्त कुत्रा, तोही प्रशिक्षित. मानसिक आजारासाठी शिकवलेल्या कुत्र्यालाही तोच दर्जा आहे. नुसता 'सोबत असला की बरं वाटतं' असा प्राणी मात्र कंपनीने पाळीव म्हणून मोजला तर ते नियमाला धरूनच आहे. कंपनी सरकारी फॉर्म मागू शकते. त्यात लस, वागणूक आणि प्रशिक्षण यांची हमी तुम्ही सहीनिशी द्यायची. प्रवास आठ तासांहून लांबचा असेल, तर कुत्रा शी-शू कशी सांभाळेल याचा वेगळा फॉर्म. त्यावर खोटं लिहिणं हा तिथे गुन्हा आहे. युरोपातल्या बऱ्याच कंपन्या तर कुत्रा कुठल्या संस्थेत शिकला हे विचारतात आणि मान्यताप्राप्त संस्थेचं ओळखपत्रच धरतात.

आणि जॅकेट पाहून काउंटरवरचा माणूस गप्प बसेल हेही खरं नाही. तो दोन प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? दुसऱ्या प्रश्नाला तुम्ही काय सांगणार, 'शिंकतो'?

थट्टा पुरे. मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पांढरी काठी आणि शिकवलेला कुत्रा घेऊन येणाऱ्या माणसाकडे आज कर्मचारी संशयाने बघतात, ते आधीच्या शंभर जणांनी जॅकेटं विकत घेतली म्हणून. दिरांना हे जरूर सांगा. त्यांच्यासाठी दुसरं काम आहे, ते पुढे सांगते.

आता देश. तुमचा देश माहीत नाही, म्हणून पाच ठिकाणची रीत सांगते. अंदाज येईल.

सगळीकडे सुरुवात मायक्रोचिपपासून होते. तांदळाच्या दाण्याएवढी, पंधरा आकडी नंबराची, मानेजवळ कातडीखाली टोचतात. तुमची वही भरली आहे म्हणालात. त्या वहीत चिपचा नंबर आहे का? चिप कोणत्या तारखेला घातली? कारण युरोपीय संघाचा नियम असा की चिप आधी आणि रेबीजची लस नंतर. चिपच्या आधी टोचलेली लस कागदावर धरतच नाहीत, मग नऊ वर्षांत नऊ वेळा टोचलेली का असेना. त्यांचं म्हणणं सरळ आहे: लस याच कुत्र्याला दिली हे कशावरून? चिप नसेल तर उद्याच घाला आणि लस पुन्हा द्या. डॉक्टर म्हणतील, 'अहो, आत्ताच तर दिली होती.' म्हणू देत. नवी नोंद हवी, आणि त्या नोंदीत चिपचा नंबर हवा.

लसीनंतर किमान २१ दिवस थांबायचं. रेबीजचा धोका असलेल्या, म्हणजे संघाच्या यादीबाहेरच्या देशातून जात असाल, तर आणखी एक पायरी आहे. लस दिल्यावर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि ते संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. त्यात प्रतिपिंडांचं, म्हणजे लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या संरक्षक घटकांचं, प्रमाण मिलिलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरलं पाहिजे. भरलं तरी रक्त काढल्या दिवसापासून पुढे तीन महिने थांबायचं. म्हणजे शून्यातून सुरुवात केली तर चार महिने. तुमच्या हातात तीन आहेत. मनीलाही हेच सगळं लागू.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम कडक केले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी, आणि रोगनियंत्रण केंद्राचा म्हणजे सीडीसीचा ऑनलाइन फॉर्म भरलेला हवा. रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून, तिथेच लस घेऊन येणाऱ्या कुत्र्याला याहून बरंच काही लागतं: सरकारी पशुवैद्याने शिक्का मारलेलं प्रमाणपत्र, आणि नोंदणीकृत प्राणी केंद्रात आधी केलेलं आरक्षण. त्यामुळे अशी केंद्रं असलेल्या मोजक्या विमानतळांवरच उतरता येतं. रक्ततपासणीचा अहवाल नसेल तर २८ दिवस विलगीकरण. मांजरांसाठी सीडीसीची एवढी जंत्री नाही. अमेरिकाच असेल तर मनी आधी सुटली म्हणा.

जपानला रेबीजच्या दोन लसी, मग रक्ततपासणी, आणि रक्त काढल्यापासून १८० दिवसांची वाट. पोहोचण्याच्या ४० दिवस आधी तिथे कळवावं लागतं. ऑस्ट्रेलियाला काही देशांतून थेट नेताच येत नाही, मधल्या मान्यताप्राप्त देशातून जावं लागतं. पोहोचल्यावर मेलबर्नजवळ मिकलहॅमच्या सरकारी केंद्रात किमान दहा दिवस. तिथे वशिला चालत नाही. २०१५ मध्ये हॉलिवूडचा नट जॉनी डेप याचे दोन छोटे यॉर्कशायर टेरिअर खाजगी विमानातून न सांगता आणले गेले होते. कृषिमंत्र्यांनी ठणकावलं की कुत्रे परत पाठवा, नाहीतर मारावे लागतील. कुत्रे परत गेले.

ब्रिटनची तऱ्हा निराळीच. विमानाने येणारा पाळीव कुत्रा तिथे ना केबिनमधून चालतो ना तुमच्या सामानातून. तो कार्गो म्हणून, म्हणजे वेगळा पाठवलेला माल म्हणूनच उतरला पाहिजे. सवलत आहे ती मान्यताप्राप्त मदतनीस कुत्र्यांना. म्हणून बरेच लोक युरोपात उतरतात आणि पुढे फेरीबोटीने किंवा खाडीखालच्या बोगद्यातून गाडीने जातात. गुंड्यासारख्याला हाच मार्ग बरा. का, ते आता सांगते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात नाजूक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: पग, नऊ वर्षं, नऊ किलो.

कुत्र्याला घाम फारसा येत नाही. अंग थंड करायचं ते धापा टाकून, जिभेवरून आणि नाकातून हवा खेळवून. पगला ती हवा खेळवायला नाकच नाही. टाळूचा मऊ भाग लांब, नाकपुड्या चिमटीएवढ्या, श्वासनळी अरुंद. घाबरला की धापा टाकतो, धापा टाकल्या की घशातला मऊ भाग सुजतो, सुजला की हवा आणखी कमी जाते. घरी त्याला पंख्याखाली घेऊन बसता येतं. विमानाच्या पोटात ते करायला कोणी नसतं.

अमेरिकी वाहतूक खात्याकडे २००५ ते २०१० या पाच वर्षांत विमानप्रवासात दगावलेल्या १२२ कुत्र्यांच्या नोंदी आल्या. त्यांतले सुमारे निम्मे चपट्या नाकाचे होते. इंग्लिश बुलडॉग पंचवीस, पग अकरा. म्हणूनच पुष्कळ कंपन्या पग, बुलडॉग, बॉक्सर, शित्झू आणि मांजरांत पर्शियन यांना पोटातून नेतच नाहीत. काउंटरवर 'आमचा तसा नाही हो' म्हणून उपयोग नसतो. जात लिहिलेली असते.

पोटाबद्दल तुमच्या मनात जे चित्र आहे ते मात्र थोडं पुसते. प्राणी ठेवतात तो कप्पा सुटकेसांच्या गर्दीत उघडा पडलेला नसतो. तिथे हवेचा दाब केबिनइतकाच असतो, ऊब राखलेली असते, आणि आत जिवंत प्राणी आहे याची लेखी सूचना वैमानिकाला दिलेली असते. लांब नाकाचा, शांत, पिंजऱ्याची सवय झालेला लॅब्रॉडॉर तिथे बहुतेक वेळा झोपून जातो. धोका जास्त असतो तो जमिनीवर, धावपट्टीजवळ गाडीवर पिंजरा थांबून राहतो तेव्हा. हवा २९-३० अंशांच्या वर गेली की बऱ्याच कंपन्या प्राणी स्वीकारत नाहीत, ते यासाठीच. चपट्या नाकाचा नसलेला मोठा कुत्रा असणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: पिंजरा आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या मापाने घ्या. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीच्या निम्मं, इतका तो लांब हवा. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उभा राहिल्यावर कान छताला लागता कामा नयेत. दार धातूचं, दोन भाग जोडणारे नटबोल्ट धातूचे, आणि चाकं असतील तर काढलेली. पाण्याच्या वाटीत आदल्या रात्री पाणी गोठवून ठेवा. बर्फ हळूहळू वितळतो आणि चढवताना सांडत नाही.

गुंड्यासाठी मात्र पोट नकोच. राहिली केबिन. तिथे पुष्कळ कंपन्यांची मर्यादा पिशवीसकट सात-आठ किलोची असते. काही वजन बघत नाहीत पण पिशवीचं माप बघतात, आणि काही पाळीव प्राणी केबिनमध्ये घेतच नाहीत. गुंड्या नऊ, पिशवी एक, झाले दहा. केबिनला जड आणि पोटाला नाक आखूड. बिचारा मधल्यामध्ये अडकला.

इथे तुम्हाला एक कडू गोष्ट सांगते. पगचं ठरलेलं वजन सव्वासहा ते आठ किलो. नऊ म्हणजे तो 'गुबगुबीत' नाही, जाड आहे. आणि पगच्या गळ्याभोवतीची चरबी हीच त्याच्या श्वासाची पहिली वैरीण. डॉक्टरांकडे घेऊन जा, घसा, नाकपुड्या आणि हृदय तपासून घ्या. नाकपुड्या फारच बंद असतील तर शस्त्रक्रियेने मोकळ्या करतात, तेही विचारा. वजन आठवड्याला एकूण वजनाच्या एक ते दोन टक्के, या गतीने उतरवणं कुत्र्याला झेपतं. नऊचे सात व्हायला साधारण चार महिने लागतील. युरोपच्या रक्ततपासणीची वाट बघायलाही तेवढेच लागतात, पाहिलंत? एकाच वेळी दोन्ही होतात. रोजचं खाणं काट्यावर मोजून द्या, जेवताना टेबलाखालून जाणारे तुकडे बंद करा. आणि घरात तुकडे कोण देतं हे मला विचारू नका, पत्राच्या सुरावरून मला कळलंय.

झोपेची गोळी? नाही. गुंगीत रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळायची ताकद कमी होते, पिंजरा कलला तर प्राण्याला तोल सावरता येत नाही. पगच्या बाबतीत घशाचे स्नायू ढिले पडले की मार्गच बंद. गुंगीतला प्राणी दिसला तर कंपनीही नाकारते. भीती कमी करणारी वेगळी औषधं असतात, ती काही डॉक्टर देतात. ती घ्यायचीच झाली तर गुंड्याला तपासलेल्या डॉक्टरांनीच द्यावी, आणि पहिला डोस घरी, सुट्टीच्या दिवशी, तुमच्या डोळ्यांसमोर.

गोळीपेक्षा पिशवी कामाची. आजच विकत घ्या, दोन. चेन उघडी टाकून हॉलमध्ये जमिनीवर ठेवून द्या, आत तुमची जुनी ओढणी. पहिले आठ दिवस कोणी काही बोलायचं नाही. मनी त्यात आपण होऊन झोपायला लागली की अर्धं काम झालं. मग चेन लावून दहा मिनिटं, मग गाडीतून एक फेरी, मग दोन तास. पिशवी मऊ हवी, पुढच्या सीटखाली दबून बसेल अशी, पण आत प्राण्याला उभं राहून वळता आलं पाहिजे. पिशवी वरच्या कप्प्यात ठेवायला कोणी सांगितलं, अगदी गणवेशातल्या माणसाने सांगितलं, तरी ठेवायची नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत एका विमानात असं सांगितलं गेलं आणि दहा महिन्यांचं फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू त्या कप्प्यात मेलं.

आणि मनीला हार्नेस. गळ्यातला पट्टा नाही, अंगात घालायचा हार्नेस. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. एका विमानतळावर सुरक्षा तपासणीला मी आमचं मांजर घेऊन उभी होते. पिशवी मशीनमधून जाते, प्राणी कधीच नाही. त्याला बाहेर काढून हातात घेऊन आपण चौकटीतून जायचं, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच की पलीकडे कोणीतरी लोखंडी ट्रे दाणकन आपटेल. मांजर माझ्या खांद्यावर, तिथून मागच्या आजोबांच्या टोपीवर, तिथून थेट रोलरच्या पट्ट्याखाली. वीस मिनिटं मी जमिनीवर पालथी पडून 'ये ग सोन्या' करत होते आणि माझ्यामागे रांग वाढत होती. एका हवालदार बाईंनी शेवटी पट्टा बंद केला म्हणून ते निघालं. माझ्या हातावरचा ओरखडा अजून आहे. तेव्हापासून हार्नेस, दोरी मनगटाला गुंडाळलेली, आणि रांगेत लागण्याआधीच विनंती: मांजर आहे, बंद खोलीत तपासता का? बऱ्याच ठिकाणी खोली असते. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

आता फोन. कागदांच्या तारखा हातात आल्या की विमान कंपनीला फोन करा, आणि तो तिकीट काढण्याआधी. एका विमानात केबिनमध्ये किती प्राणी घ्यायचे हे ठरलेलं असतं, आणि जागा भरली की भरली. बाईंना किंवा बुवांना नुसतं 'चालतं का' विचारू नका, 'हो' म्हणून फोन ठेवतात. तुमच्या बुकिंगवर कोड टाकून घ्या. केबिनमधला पाळीव म्हणजे पीईटीसी, पोटातला म्हणजे एव्हीआयएच, सर्व्हिस अॅनिमल म्हणजे एसव्हीएएन. 'पीईटीसी कन्फर्म झालेला मेल पाठवा' म्हणालात की पलीकडचा आवाज एकदम कामाला लागतो. दोन कंपन्यांचं मिळून तिकीट असेल, तर ज्यांचं विमान प्रत्यक्ष उडणार त्यांचे नियम लागू होतात, तिकिटावर नाव कोणाचंही असो. थेट विमान मिळालं तर चार पैसे जास्त द्या. मधल्या देशात थांबा असेल तर त्या देशाचे प्राण्यांचे नियम वेगळे विचारावे लागतात. आपत्कालीन दाराची रांग आणि पहिली रांग टाळा, तिथे पुढे सीटच नसते. झोपायच्या सीटचं महागडं तिकीट काढाल तर पिशवी ठेवायला जागाच उरत नाही असंही होतं.

आरोग्याचा दाखला निघण्याच्या अगदी जवळ घ्यायचा, बहुतेक ठिकाणी दहा दिवसांच्या आतला चालतो. तो सरकारी पशुवैद्याकडून शिक्का मारून आणायला दोन खेपा होतात, ते धरून चला. सगळ्याच्या तीन प्रती, एक पिशवीच्या कप्प्यात. निघायच्या चार-पाच तास आधी हलकं खाणं, मग फक्त पाणी. विमानतळात शिरण्याआधी गुंड्याला बाहेर लांब फेरी.

राहिलं दिरांचं काम. बहुतेक कंपन्या एका प्रवाशामागे केबिनमध्ये एकच पिशवी देतात. तुमच्याकडे दोन प्राणी. यजमान तीन महिन्यांनी रुजू व्हायला पुढे गेले, आणि तुम्ही कागद पूर्ण झाल्यावर चार-पाच महिन्यांनी निघालात, तर दुसरी पिशवी कोणाच्या पायाशी? दिरांना सोबत न्या. जॅकेट त्यांनी सुचवलं, मनी त्यांनी सांभाळावी. येता-जाता तिकिटाचा खर्च होईल, पण गुंड्याला कार्गोने पाठवण्याच्या खर्चापुढे तो किती, हे एकदा विचारून तर बघा.

आणि डॉक्टरांनी घसा तपासून सांगितलं की हा कुत्रा दहा-बारा तासांच्या प्रवासाला योग्य नाही, तर ऐका. नऊ वर्षांच्या पगला ओळखीच्या घरी, ओळखीच्या माणसाकडे ठेवून जाणं म्हणजे टाकून जाणं नव्हे. तसं कोण घेऊ शकेल याचा विचार आत्ताच करून ठेवा, अहवाल आल्यावर नको.

या आठवड्यात तीन कामं: वहीत चिपचा नंबर शोधा, गुंड्याला काट्यावर उभा करा, आणि मला देशाचं नाव कळवा.